एका अंगणातल्या दोन चुली

आरतीचं लग्न मार्चच्या सतरा तारखेला लागलं आणि पुढच्याच आठवड्यात सगळा देश घरात बसला. मांडवपरतणीला लातूरला जायचं म्हणून तिची बॅगही भरून झाली होती. पण जिल्ह्याची हद्द बंद झाली, आणि ज्या घरात मिठाची बरणी कुठल्या फळीवर असते हेही तिला अजून ठाऊक नव्हतं, त्या उमरीच्या घरातच ती अडकून पडली.

माणसं वाईट नव्हती. सासरे किशन, सासू गुणाबाई आणि नवरा हरिओम. हरिओम नांदेडला एका कारखान्यात वायरमन होता. कारखाना बंद, म्हणून तोही घरीच. अंगणाच्या पलीकडच्या अंगाला किशनचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे चुलत सासरे, ग्यानोबा आणि त्यांची बायको मनकर्णाबाई राहत. त्यांच्या दोन्ही पोरी लग्न होऊन गेलेल्या. दोघं भाऊ रोज सकाळी एकाच मोटारसायकलवर शेतात जात, एकाच झाडाखाली जेवायला बसत, पण भाकरी मात्र ज्याच्या त्याच्या फडक्यातून सोडत.

हे आरतीला कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं शेवग्याच्या शेंगांची भाजी केली, आणि माहेरी करायची तशी वाटीभर पलीकडं नेऊन दिली. मनकर्णाबाईनं वाटी घेतली, तिच्या तोंडावरून हात फिरवला, लातूरची, आईबापाची चौकशी केली. संध्याकाळी वाटी परत आली. वर ताटली झाकलेली आणि भाजी जशीच्या तशी.

"काही चुकलं का माझं?" तिनं हरिओमला विचारलं.

"तुझं न्हाई. दोन्ही घरचं एकमेकांत चालत न्हाई. असंच हाय."

"पण का?"

"मी तवा आयटीआयला होतो. सुट्टीला घरी आलो तर दोन चुली. नऊ वर्षं झाली असतील. विचारायचं राहूनच गेलं."

आरतीनं मग सासूला विचारलं. "त्यायला आपलं तिखट सोसत न्हाई," गुणाबाई म्हणाली आणि लसूण सोलत राहिली. सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "दादालाच वाटलं, पोरी गेल्या, आता दोघांचं आटोपशीर करावं." आणि एकदा पाणी भरताना मनकर्णाबाई आपणहून म्हणाली, "तुझ्या सासूनं माझ्या हातचं पाणी वतून दिलं, गड्यांच्या देखत. मी डोळ्यानं बघितलं." तिन्ही उत्तरं ऐकून आरती आणखीच गोंधळली. बरं, भांडण म्हणावं तर सकाळी दोघी जावा एकाच खाटेवर बसून कुरडयांचा चीक घोटत होत्या. कुरडया वाळल्या की मात्र डबे वेगळे.

एप्रिलच्या मध्यावर मनकर्णाबाई गच्चीवरून कुरडया आणताना शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. पोरींना यायला रस्ताच नव्हता. मग ग्यानोबांनी चूल हातात घेतली. दोन संध्याकाळी पलीकडून करपलेल्या भाकरीचा वास येत होता. अलीकडं सासरे ताटातली भाकर मोडायचे आणि तशीच धरून बसायचे.

तिसऱ्या संध्याकाळी आरती गुणाबाईला म्हणाली, "आत्याबाई, मी जाऊन दोन भाकरी थापून येऊ का?"

गुणाबाईनं चुलीतलं लाकूड उगाचच पुढं ढकललं. "बघ तुला जमंल तसं."

याचा अर्थ जा असा होता की जाऊ नको असा, हे तिला काही उमगलं नाही. पण नको म्हटलं नव्हतं, म्हणून ती गेली.

त्या दिवसापासून ती दोन्हीकडं रांधू लागली. अलीकडं येसराची, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची आमटी, झणझणीत. पलीकडं वरणात गुळाचा खडा आणि तिखट बेताचं. अलीकडच्या भाकरी पातळ, पलीकडच्या जाड. एक आटोपून दुसरीकडं जाताना डोक्यावरचा पदर सावरत ती मनातल्या मनात घोकायची, गूळ पलीकडं, येसर अलीकडं. पाचव्या दिवशी नेमकं उलटं झालं. किशननी पहिला घास घेतला आणि ते थांबले.

"हे वरण..."

आरतीनं पातेलं मागं ओढलं. "मामा, चुकून गूळ पडला. दुसरं करते."

"राहू दे. अजून वाढ."

ते तीन वाट्या वरण प्यायले. गुणाबाई ताटावरून उठून अंगणात गेली आणि बराच वेळ आली नाही. पलीकडून ग्यानोबांचा खोकला ऐकू येत होता. त्यांच्या ताटात त्या दिवशी येसराची आमटी गेली होती. पण त्यांनीही पातेलं पुसून खाल्लं होतं. कोण रागावलंय, कोण खूश आहे, आरतीला काही कळेना. आत जाऊन ती चार टिपं गाळून आली.

दुसऱ्या दिवशी गिरणीच उघडली नाही. गिरणीवाल्याच्या गल्लीत कुणीतरी पुण्याहून आलं होतं, म्हणून ती गल्ली बांबू लावून बंद केली. दोन्ही घरांचं मिळून एक डबा पीठ उरलं होतं. तेवढं पीठ दोन ठिकाणी कसं वाटायचं याचा विचार करत आरती अंगणात उभी राहिली, आणि मग दमून म्हणा की वैतागून म्हणा, तिनं सगळं पीठ एकाच परातीत ओतलं.

"आज इथंच करते," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. "अंगणात. एकटीनं दोन्हीकडं होत न्हाई माझ्यानं. सगळ्यांनी हात लावा."

कुणी हललं नाही. मग हरिओमनं कांदे घेतले. किशन लसूण सोलायला बसले. एवढ्या वर्षांत त्यांनी लसणाची पाकळी सोललेली कुणी बघितली नव्हती. ग्यानोबांनी तीन दगड मांडून चूल पेटवली, आणि त्या दोन संध्याकाळच्या सवयीनं पिठाला हात घातला. मनकर्णाबाई खाटेवरून डाव्या हातानं खुणा करत सांगू लागली, "पाणी कमी. अहो, कमी म्हणते ना!"

पंचाईत झाली ती गुणाबाईची. थोरल्या दिरासमोर ती जन्मात बसली नव्हती. पदर नाकापर्यंत ओढून ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तशीच वळून भाकर टाकायला गेली, तर धुरानं आणि पदरानं तिला तवा दिसेना.

ग्यानोबांनी पिठाचे हात तसेच धरून, दुसरीकडं बघत हाक दिली, "किशन, तिला म्हण, मास्क लाव. मास्क लावला म्हंजे पदरच झाला."

हरिओम फिसकन हसला. मग मनकर्णाबाई हसली, आणि हसता हसता तिचा प्लास्टरचा हात दुखला. गुणाबाईनं खरंच निळा मास्क आणून लावला आणि चुलीपुढं बसली. भाकर तव्यावर पडली.

जेवताना आरतीनं धीर करून विचारलंच. "मोठ्या आत्याबाई, मामा, नेमकं झालं काय होतं? मला कळतच न्हाई."

"पाणी वतलं हिनं," मनकर्णाबाई म्हणाली.

"पाण्यात मुंगळे होते, अक्का. पुन्हा भरून आणायला चालले होते मी."

"पाणी नव्हतंच ते," किशन म्हणाले. "ताक होतं."

"ताक तर आमच्या थोरलीच्या लग्नात सांडलं. ते येगळं," मनकर्णाबाई म्हणाली.

"म्हंजे पाण्याचं लग्नाच्या आधी का नंतर?" हरिओमनं विचारलं.

"आधी. न्हाई, नंतर. त्या साली सोयाबीन भिजलं होतं ना?" गुणाबाई म्हणाली.

"सोयाबीन भिजलं तवा आपण एकत्रच होतो की!" किशन म्हणाले.

सगळे एकमेकांकडं बघत राहिले. ग्यानोबा म्हणाले, "मला वाटायचं, तुमाला माहीत हाय. म्हणून मी कधी बोललो न्हाई." आणि त्यांनी आणखी एक भाकर मागितली. गुणाबाईनं ती आपल्या हातानं त्यांच्या ताटात टाकली, तोंड दुसरीकडं करून.

त्या दिवसापासून रात्रीचं अंगणातच होऊ लागलं. एकत्र यायचं असं कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाची माफी मागितली नाही. मे संपता संपता प्लास्टर निघालं, आणि दुसऱ्याच सकाळी पलीकडची चूल पेटली. मनकर्णाबाई आपला चहा आपण करत होती. आरतीचं मन खट्टू झालं. दुपारीही दोन चुली. पण दिवस कलला तशी मनकर्णाबाई विळी घेऊन अंगणात येऊन बसली आणि म्हणाली, "वांगी चिरू का गवार मोडू?"

रस्ते सुटले तसे आरतीचे वडील गाडी घेऊन आले. निघताना तिनं सासूला हळूच विचारलं, "आत्याबाई, मी गेल्यावर रात्रीचं कसं करणार?"

"कसं म्हंजे? जसं हाय तसं."

ते जसं म्हणजे कसं, हे विचारायच्या आत गाडी सुरू झाली. चाकूर मागं पडेपर्यंत आरती त्याचाच विचार करत होती. वडिलांनी विचारलं, सासरची माणसं एकत्र आहेत की वेगळी.

"मला अजून नीट कळलं न्हाई, बाबा," ती म्हणाली.