मार्ताबाईंची खुर्ची

मसाल्याच्या धंद्यात चार पैसे सुटले की माणसाला कला सुचते. माझा नवरा चंद्रशेखर, त्याला ती दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या रिकाम्या ऑफिसात सुचली. चित्रप्रदर्शनं भरवणाऱ्या पुण्याच्या मिहिकाने तिथे प्रदर्शन मांडलं. विषय काय, तर कम्युनिस्ट राजवटीत लोकांनी सरकारला न विचारता घराघरांत चालवलेल्या गॅलऱ्या. नाव ठेवलं ‘निर्भय भिंती’.

त्यातली एक गॅलरी हंगेरीच्या मार्ताबाईंच्या स्वयंपाकघरातली. पोलिसांनी भिंतीवरून उतरवायला लावलेलं त्यांचं एक चित्र पुढे वर्षानुवर्षं पिठाच्या डब्यामागे लपून राहिलं. ते एकदा तरी उजळ माथ्याने भिंतीवर लागलेलं बघायचं, एवढ्यासाठी बाई ऐंशीव्या वर्षी दुखरे गुडघे घेऊन दुबईला येणार होत्या. चित्रात होती एक रिकामी खुर्ची.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चंद्रशेखर त्या चित्रासमोर थबकला.

“मिहिका, ही खुर्ची कुणाची?”

“कुणाची नाही, काका. किचनमधली आहे.”

“अगं, खुर्ची ती खुर्चीच. त्यात रिकामी, वर पाय मोडका. उद्या कुणी भलता मीनिंग काढला तर? माझं ट्रेड लायसन्स आहे इथे.”

मराठी माणसाचा हा जुनाच रोग. बसायची खुर्ची त्याला दिसतच नाही, दिसते ती सत्तेची.

“सरकारी परमिशन चित्रासकट मिळालीय,” मी म्हटलं. “कुणी हरकत तरी घेतलीय का?”

“घेईपर्यंत थांबायचं कशाला, शालिनी? विकतचं दुखणं नको. काढा ते, खलास.”

निर्भय मिहिकाने मुकाट्याने चित्र उतरवलं आणि त्या जागी आमच्या गरम मसाल्याचं पोस्टर लावलं. मला दोघांची लाज वाटली. माझी जास्त, कारण मीही पुढे काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मार्ताबाई आल्या. काठी टेकत थेट त्या भिंतीपाशी गेल्या आणि पोस्टरकडे बघत उभ्या राहिल्या.

“माझं चित्र कुठे आहे?”

मिहिकाने घसा खाकरून समजावलं, की आमच्यात खुर्ची म्हणजे सत्ता, उगाच गैरसमज नको, वगैरे.

“आमचा पोलीसही हेच म्हणाला होता,” बाई म्हणाल्या. “इथे सांगायला कोण आलं होतं?”

“कुणीच नाही, मॅडम,” चंद्रशेखर अभिमानाने म्हणाला. “आम्हीच काढलं.”

बाईंनी त्याला नीट न्याहाळलं.

“आमच्या बिचाऱ्या सरकारला,” त्या म्हणाल्या, “या कामासाठी पगारी माणसं ठेवावी लागायची.”