स्वच्छ केलेली रेकॉर्ड

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेयर आहे. पण माझ्या कहाणीआधी मालकांच्या भाच्याला काय मिळणार होतं ते सांगतो, कारण घरात विचार त्याचाच आधी झाला. हा भाचा इंटरनेटवर जुनं स्विंग आणि जॅझ, म्हणजे नाचघरातलं विलायती संगीत, शोधायचा आणि स्वतःच्या चॅनेलवर लावायचा. म्हणजे दुसऱ्यांनी लावलेलंच पुन्हा लावायचा. आयत्या पिठावर रेघोट्या. ऐकणारे बावीस, त्यात एक त्याची आई. कुणाकडेच नाही अशी एखादी रेकॉर्ड हाती लागली, की बाविसाचे हजार होणार होते.

तशी रेकॉर्ड माझ्या मालकांकडे, म्हणजे त्याच्या मामांकडे होती.

माझी उमेदीची वर्षं एका हॉटेलच्या नाचघरामागच्या खोलीत गेली. तिथल्या बँडचे वादक माझ्यावर रेकॉर्डी लावून नव्या चाली उचलायचे. मामा त्या बँडचे ड्रमवाले. संथ चालीला ते काठ्या खाली ठेवून तारांचे ब्रश घ्यायचे आणि ड्रमच्या कातड्यावर गोल गोल फिरवायचे. नुसती सळसळ यायची. "घरात कधी केरसुणी धरली नाही, आणि तिकडे ड्रम झाडायचे," असं मामी पाहुण्यांना सांगायच्या. बँडने एकच रेकॉर्ड काढली, तीही संथ चालीची. तिच्यावर नाव एकट्या बँडमास्तरांचं. नाचघर बंद झालं, तेव्हा मामा घरी दोनच गोष्टी घेऊन आले: तिची एक प्रत आणि मी.

दर रविवारी सकाळी ते ती लावत. मग त्यांचे हात कापू लागले. सुई टेकवताना घसरायची. दोनदा ओरखडा उठल्यावर त्यांनी मला हात लावणंच सोडलं, आणि मामींनी माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत ठेवली.

अशात भाचा आला. म्हणाला, इंटरनेटवर टाकतो, नुसतं बोट लावलंस की वाजेल. मामांचाही त्यात फायदा होता, खोटं कशाला बोलू? त्याने मला वायर जोडून रेकॉर्ड कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि एका प्रोग्रॅमने साफ केली. जागा अडते म्हणून मूळ फाइल पुसून टाकली. रेकॉर्ड एका संग्राहकाला दिली, बदल्यात चांगला मायक्रोफोन घेतला. मामांना विचारूनच दिली. आता ती कशाला लागते, हे मामांनाही पटलं होतं.

रविवारी मामांनी फोनवर बोट लावलं. ट्रम्पेट लख्ख, पियानो लख्ख. मांडीवर गोल फिरणारे मामांचे हात थांबले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"यात मी कुठेय?"

"खरखर सगळी काढली ना, मामा. बघ किती स्वच्छ झालंय."

"ती खरखर नव्हती रे," मामा म्हणाले. "तो मी होतो."

भाच्याने धावपळ करून संग्राहकाला गाठलं. त्याने रेकॉर्ड कधीच पुढे दिली होती, आणि कुणाला ते सांगेना.

मित्रांनो, ओरखडा कुठला आणि ब्रश कुठला, हे माझ्या सुईला पाठ होतं. पण आम्हाला विचारतो कोण? जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर झटका. मात्र काही पुसण्याआधी, ज्याचं ते आहे त्याला शेजारी बसवून एकदा ऐकवा. त्याला वेळ लागेल. लागू द्या.

तर कुणाला काय मिळालं? भाच्याला ऐकणारे चार हजार. 'इतका स्वच्छ आवाज कुठेच नाही' असं ते खाली लिहितात. संग्राहकाला पुढचा सौदा मिळाला. मामींना कपडे ठेवायला मी कायमचा मिळालो. आणि या सगळ्यांच्या वाटणीचं मोल मामांनी एकट्यांनी भरलं. रविवारी सकाळी ते आता बातम्या लावतात.