वाजवण्यास निरुपयोगी

मी एक जुना ट्रम्पेट आहे आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. लाज वाटते ती मला पारखायला आलेल्यांची. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला मोठेपणी जुन्या वस्तूंचं मोल ठरवायचा धंदा करायचा असेल, तर त्याने कान देऊन ऐकावं. बाकीच्यांनी गंमत म्हणून ऐकलं तरी चालेल.

माझा जन्म इंग्रजांच्या मुलखातल्या एका कारखान्यात झाला. त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. पितळेचा पत्रा ठोकला, वाकवला, तीन कळा बसवल्या, झालं. पलटणीच्या बँडबरोबर मी कैरोला आलो आणि काही वर्षं गोऱ्या शिपायांना पाय आपटत चालायला लावण्याचं काम केलं. पलटण मायदेशी गेली तेव्हा मला अतबाच्या जुन्या बाजारात टाकून गेली. तिथून वहीद नावाच्या एका हडकुळ्या तरुणाने मला उचललं. तो महंमद अली रस्त्यावरच्या लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. पुढे सगळं शहर त्याला उस्ताद म्हणू लागलं, पण तेव्हा त्याच्या कोटाला सगळी बटणंही नव्हती.

त्याने मला पहिल्यांदा रस्त्यात वाजवलं, तेव्हा समोरच्या दुकानात फिक्री बसला होता. फिक्री ऊद घडवायचा. ते फुगीर पोटाचं लाकडी तंतुवाद्य तिथे घरोघर असतं. त्याने हातातला रंधा खाली ठेवला आणि नाक मुरडलं.

"वहीद, हा इंग्रज आहे रे बाबा. सलाम ठोकेल, पण रडायचा नाही."

मला राग आला, पण त्याचं खरं होतं. तिथल्या लोकांचा जीव ज्या सुरात अडकलेला असतो, तो पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी राहतो. सीका नावाच्या त्यांच्या रागाचा तर तो सूर म्हणजे प्राणच. माझ्या तीन कळांमध्ये तो नव्हता. वहीद ओठ आवळून, सैल सोडून बघायचा. सूर यायचा, पण झोकांड्या खात यायचा.

मग तो मला तांबटांच्या आळीत घेऊन गेला. तिथल्या एका म्हाताऱ्याने माझी एक नळी कापली, वाढवली, सरकती केली. ती वाजवता वाजवता अंगठ्याने ओढता यावी म्हणून कॉफीच्या फुटक्या किटलीची कडी तिला डाक लावून बसवली. दुखलं, नाही म्हणत नाही. पण कडी ओढली की तो मधला सूर नेमका आपल्या जागी येऊन बसायचा. त्याच आठवड्यात एका लग्नात, नवरी माहेरच्या दारातून निघताना, वहीदने तो सूर धरला. फिक्री हळूच म्हणाला, "अल्लाह." टाळ्या तिथे कुणीही वाजवतं, पण सूर आत गेला की माणूस एवढंच म्हणतो आणि गप्प होतो.

त्यानंतर चाळीस वर्षं आम्ही उसंत म्हणून घेतली नाही. लग्नं झाली, मयती झाल्या, पिरांचे उरूस झाले, सिनेमातली गाणी झाली. सकाळी फूल नावाच्या तिकडच्या वालांची उसळ आणि पुदिन्याचा चहा घेतलेला वहीद उस्तादांचा श्वास माझ्यातून जायचा. एका लग्नात नवरदेवाच्या नाचऱ्या मामाने मला भिंतीवर आपटलं. तो पोचा अजून आहे. उस्तादांचा हात जिथे पडायचा तिथला मुलामा झिजून आतलं पितळ दिसू लागलं. घरी त्यांची मुलगी इन्शिराह मला तेल घालायची. तिला उस्तादांनी स्वयंपाकघरात वाजवायला शिकवलं, माझ्या तोंडात टॉवेल कोंबून, शेजारी ओरडू नयेत म्हणून. लग्नाच्या बँडमध्ये मुलीला कोण घेणार? ती शाळेत संगीत शिकवू लागली.

मग एका मोठ्या समारंभात उस्तादांना सोन्याचं पाणी चढवलेला ट्रम्पेट भेट मिळाला. त्या सोनेरी पाहुण्याने जन्मात एक नवरी सासरी पोचवली नाही. पण फोटो काढणारे आले की म्हणत, उस्ताद, तो चकचकीत घ्या. उस्ताद भिडस्त. फोटोपुरता तो हातात धरत आणि पुन्हा मखमलीत निजवत. त्यामुळे प्रत्येक फोटोत तोच, मी कुठेच नाही. या भिडेपायी पुढे माझं काय होणार होतं, ते त्या भल्या माणसाच्या ध्यानातही आलं नाही.

उस्ताद गेले. दुखवट्याचे चाळीस दिवस होताहेत तोवरच त्यांचा मुलगा मुनीर याने वाद्यांचं मोल करायला एका तज्ज्ञाला बोलावलं. त्याचं नाव रामेझ बेह; बेह म्हणजे तिकडचं 'साहेब'. पांढरे हातमोजे, भिंग, आणि चेहरा असा की साऱ्या कैरोने त्याच्याशी काही आगळीक केली असावी. त्याने सोनेरी शेजाऱ्यापुढे फोटो मांडले, मान डोलावली आणि असा आकडा सांगितला की मुनीर खुर्चीत सावरून बसला. मग दोन बोटांत मला उचललं. कडी पाहून त्याला हसू आलं. हे किटलीचं आहे का, असं त्याने विचारलं. मला ओठ लावायची तसदी त्याने घेतली नाही. एका कागदी चिठ्ठीवर लिहिलं, 'मूळ रूप बिघडलेले. वाजवण्यास निरुपयोगी,' आणि ती माझ्या कडीला बांधून हात झटकले. हातमोजे घातलेलेच होते, तरी झटकले.

मित्रांनो, कानाचा उपयोग फक्त चष्मा अडकवायला करणारी माणसं असतात. त्यांची कीव करावी असं मोठे लोक सांगतात. मला ते जमलेलं नाही.

मुनीरने मला फुटक्या पातेल्यांबरोबर ठेवलं. खालून भंगारवाल्याची 'रोबाबेकिया' अशी आरोळी आली आणि मुनीर मला घेऊन जिन्याकडे निघाला. इन्शिराह आडवी आली. हा मला दे, ती म्हणाली. मुनीर व्यवहारी. त्याने अट घातली की मग सोनेरी ट्रम्पेटमध्ये तुझा वाटा नाही. बाहेर आरोळी पुढे सरकत होती. ती 'बरं' म्हणाली. भाऊ खूश झाला, बहीण वेडी निघाली म्हणून.

पुढच्या महिन्यात मुनीरने दुपारी महंमद अली रस्त्यावरच्या कॅफेसमोर खुर्च्या मांडून वडिलांची आठवण जागवली. आठवण नावाला, रामेझ बेहने आणलेलं गिऱ्हाईक पहिल्या रांगेत बसलं होतं. सोनेरी ट्रम्पेट एका हॉटेलात वाजवणाऱ्या वादकाच्या हाती दिला. तो बिचारा चांगला वाजवायचा. पण त्याने उस्तादांची नवरीच्या पाठवणीची धून घेतली, सीकामधली. मधल्या सुराशी आल्यावर त्याने ओठ आवळले, सैल सोडले, आणि सूर त्याच जुन्या झोकांड्या खाऊ लागला. गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या. रस्त्यावरचे म्हातारे चहाच्या पेल्यात बघत राहिले.

ऐंशीच्या पुढे गेलेला फिक्री काठी टेकत उठला.

"मुनीर, हा कुणाचा बिगुल आणलास? तुझा बाप यात कुठाय?"

मुनीरने फोटो दाखवले. फिक्रीने ते बघितलेही नाहीत.

मागच्या रांगेत इन्शिराह शाळेतून परस्पर आली होती आणि मी तिच्या पिशवीत वह्यांच्या मधे होतो. तिने मला बाहेर काढलं. टॉवेल न कोंबता चारचौघांत तिने मला कधी वाजवलं नव्हतं. तिने तीच धून धरली, मधल्या सुराशी आली, कडी ओढली आणि सूर धरून ठेवला. मला रडायला येतं हे त्या रस्त्याला पुन्हा एकदा कळलं. मग फिक्रीचा आवाज आला, अगदी बारीक: "अल्लाह."

आणि रामेझ बेह धावला, मित्रांनो. हातमोजे घालायलाही विसरला. हाच खरा वाद्यराज, तो म्हणू लागला, दोन्ही एकत्र घेऊ, काचेच्या पेटीत ठेवू, आकडा तुम्हीच सांगा. मुनीर मागून, ताई, ताई करत होता. जन्मात त्याने तिला ताई म्हटलं नव्हतं.

इन्शिराहने माझ्या कडीची चिठ्ठी रामेझ बेहपुढे धरली.

"बेह, अक्षर तुमचंच ना? मग निरुपयोगी गोष्टीसाठी कशाला पैसे घालवताय?"

मी आता मुलींच्या शाळेत असतो. उपदेश करायची मला हौस नाही, पण एवढं ऐका. घरात जुनी वस्तू असली तर तिला घासून चकचकीत करू नका, काचेत कोंडू नका आणि आधी भाव विचारू नका. तिला तेलपाणी करा, कामाला लावा, आणि तिच्या अंगावर एखादी किटलीची कडी दिसली तर ती कुणी, कशासाठी लावली ते विचारा.

चिठ्ठी इन्शिराहने काढलेली नाही. मुलींना सीका शिकवताना ती कडी ओढते, मधला सूर लागतो आणि 'निरुपयोगी' हा शब्द त्या सुराबरोबर थरथरत राहतो.