वॉटीची पाठ

माझा नवरा वॉटी गिल्फिलन आमच्या ऑचेनबर्न गावच्या फुटबॉल क्लबचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा. आठवडाभर खाणीत कोळसा खणायचा आणि शनिवारी गोल मारायचा, महायुद्ध संपल्यापासून त्याचं हेच चाललेलं. खाणीतली माणसं पाठ धूत नाहीत. पाण्यानं कणा मऊ पडतो, असं इथले सगळे मानतात. सामन्यानंतरच्या आंघोळीतसुद्धा वॉटी पाठीला साबण लागू द्यायचा नाही. मला त्या काळ्या पाठीची चीड होती. माझा बाप तसलीच पाठ घेऊन खोकत खोकत गेला.

त्या हिवाळ्यात इंग्लंडातल्या एका मोठ्या क्लबचा माणूस आमच्या स्वयंपाकघरात बसून चहा पिऊन गेला. म्हणाला, "तिकडे फक्त खेळायचं, खाणबीण काही नाही. तुमच्या क्लबनं सोडलं की दुसऱ्या दिवशी या."

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. खेळाडूचा करार दर एप्रिलात संपतो, पण जुना क्लब 'सोडला' म्हणेपर्यंत त्याला दुसरीकडे चेंडूला पाय लावता येत नाही. आणि आमचे चेअरमन, बेकरीवाले स्ट्रँगसाहेब, वॉटीला विकतही नव्हते आणि सोडतही नव्हते. "वॉटी म्हणजे या गावाचा जीव," म्हणायचे. गावाचा जीव जमिनीखाली घुसमटतोय, हे त्यांना कोण सांगणार?

मग मीच डोकं चालवलं. "गेल्या वर्षी गोलकीपरला का सोडलं त्यांनी? खेळ बिघडला म्हणून. तू पण बिघडव."

वॉटीनं हातातला कप खाली ठेवला. "मुद्दाम चुकवू?"

"एप्रिलपर्यंत फक्त. तिकडे गेलो की मी स्वतः तुझी पाठ घासून देते. चांगली लाल होईपर्यंत."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला होता, म्हणून मला वाटलं, जमलं.

जमलं कसलं. चेंडू खांबाबाहेर घालवायचा आणि तो खरोखर चुकलाय असं दिसायला हवं, याला गोल मारण्यापेक्षा जास्त नेम लागतो म्हणे. दर शनिवारी मी कुंपणाजवळ उभी राहून लोकांची मुक्ताफळं ऐकायची.

"अरे, त्याला कुणीतरी काठी द्या. दिसत नाही त्याला."

"गोल तिकडे आहे रे, वॉटी. ते तुझ्या सासऱ्याचं थडगं नाही, लांब राहायला."

बोलणारा माझ्याकडे पाहून ओशाळला. मी म्हटलं, "ओरडा, ओरडा. जोरात ओरडा." मला तेच हवं होतं आणि ऐकवतही नव्हतं.

घरी आला की वॉटी खिमा-बटाट्याला हात लावायचा नाही. एकदा म्हणाला, "आज समोर अख्खा गोल मोकळा होता, आयझा. पाय आपसूक निघाला होता. मी ओढून धरला." आणि आपल्याच मांडीवर हात फिरवत बसला, जनावराला चुचकारावं तसा.

एप्रिल संपता संपता स्ट्रँगसाहेब स्वतः घरी आले. हातात त्यांच्या बेकरीतल्या गरम मटण-पाईचा डबा. आता सुटलो, असं वाटून मी वॉटीचा खांदा धरला.

"क्लबची मंडळी म्हणाली, काढून टाका याला," साहेब म्हणाले. "मी म्हटलं, खबरदार. आपलं माणूस पडत्या काळात असं टाकून द्यायचं? तो इंग्लंडवाला परत आला होता. त्यालाही सांगितलं, खचलेला खेळाडू मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही. तुला ठेवून घेतलंय, वॉटी. मी आहे तोवर तुला कुणी हलवणार नाही."

बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. माणूस दुष्ट असता तर मी तो डबा त्याच्या डोक्यात घातला असता. याला काय म्हणणार? वॉटी उठला आणि त्यांचे आभार मानले. मग मलाही मानावे लागले.

पुढच्या शनिवारी जिल्ह्याच्या चषकाचा शेवटचा सामना होता. वॉटी सकाळीच बूट घेऊन घराबाहेर पडला. मैदानात उतरला आणि पहिलाच चेंडू त्यानं असा हाणला की जाळं फाटतंय की काय असं वाटलं. खेळ नव्हता तो, राग होता नुसता. मला कळत होतं, लोकांना कसं कळणार? दुसरा डोक्यानं मारला, तिसरा गोलकीपरलाच चकवून. कुंपण मोडून सगळं गाव आत घुसलं.

स्ट्रँगसाहेबांनी मला मिठीच मारली. "पाहिलंस, पोरी? माया लावली की माणूस उभा राहतो. आता दहा वर्षं जात नाही हा कुठे."

लोकांनी वॉटीला खांद्यावर घेतलं होतं. तो "उतरवा, उतरवा" म्हणत होता, पण दोन्ही बाजूंनी त्याचे घोटे घट्ट धरले होते आणि त्या गलक्यात त्याचं कुणी ऐकत नव्हतं. ओढाताणीत त्याचा शर्ट वर सरकला. सगळ्या गावाच्या डोक्यांवर त्याची पाठ दिसत होती, काळी कुळकुळीत, आणि ते त्याला घेऊन मैदानाला फेऱ्या घालत होते.