हलका क्लच

आमचे हे कंपनीच्या पार्टचे कट्टर. कुणी क्लच-ब्रेकचे रंगीत, नक्षीदार लिव्हर घेऊन आमच्या मोटरसायकलच्या गॅरेजात आलं की त्याला आडवं-उभं घेत. "गाडी चालवायचीय की मिरवायचीय? आखूड लिव्हरला जोर जास्त लागतो, ठाऊक आहे का?" गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर, पण बाहेरचा माल आमच्या हातून बसणार नाही. यावरून आम्ही कितीदा भांडलो असू. मला दारातून परत जाणारं गिऱ्हाईक दिसायचं आणि यांना फक्त तत्त्व.

म्हणून एका सकाळी हेच जेव्हा म्हणाले, "अगं, ते बाहेरचे लिव्हर मागव ना. अंतर कमी-जास्त करायची चकती असते ते," तेव्हा मी आधी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

डाव्या हाताचं दुखणं घरात शिरून बरेच दिवस झाले होते. आधी कप सुटला, मग शर्टाची बटणं माझ्याकडे आली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. नसांचा आजार आहे, बळ कमीच होत जाणार, औषध नाही. हे त्यांना विचारतात काय, तर, "गाडी चालवता येईल ना?" अशी चीड आली मला! बाई जगण्या-मरण्याचं बोलतायत आणि या माणसाचा जीव अडकलाय कुठे, तर मोटरसायकलीत. पण त्यात नवल नव्हतं. ती गाडी माझ्या आधीपासूनची. लोखंडाची सवत आहे हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि तिच्याच मागच्या सीटवर बसून मी संसार केला.

लिव्हर मी निवडून आणले. आखूड नाहीत, पूर्ण लांबीचे. चकतीवर एक ते सहा आकडे. एकवर लिव्हर मुठीपासून लांब, सहावर अगदी जवळ. हे स्टुलावर बसले आणि पाना माझ्या हातात.

"केबल आधी ढिली कर. नटची आणि लिव्हरची खाच एका रेषेत आण. आता केबलचं टोक त्यातून काढ. ओढू नकोस गं, ती काय म्हैस आहे?"

"मग तुम्हीच करा."

"करतो की. हात दे तुझा."

हसलो दोघं. नको होतं हसायला, पण हसलो.

जुना बोल्ट पुसला, ग्रीस लावलं, नवा लिव्हर बसवला. जोडीला ब्रेकचाही बदलला, एक डोळा काजळाचा आणि एक कोरा कशाला ठेवायचा. चकती तीनवर आणली तेव्हा यांच्या डाव्या हाताची बोटं क्लचपर्यंत पोचली. कोपऱ्यापर्यंत जाऊन आले आणि दारातच ओरडले, "चालतंय!" त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

पुढे गाडी पुसताना मला चकती चारवर दिसली. मग पाचवर. मी फिरवली नव्हती. हे बोलत नव्हते, मी विचारत नव्हते. नवरा-बायकोत झाकली मूठ ठेवायला जागा कितीशी असते? तरी आम्ही ठेवली. सहावर लिव्हर मुठीच्या इतका जवळ आला की दाबायला जागाच उरेना, क्लच पुरता सुटेना. पहिल्या गिअरमध्ये, लिव्हर दाबलेला असतानाही गाडी पुढे सरकायची. हे म्हणाले, "केबल ताणली असेल." मी नवी केबल टाकली. केबलला काही झालं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग सहावरही दाबेना. बरेच दिवस गाडी स्टँडवर नुसती उभी राहिली आणि हे तिच्याकडे पाठ करून बसू लागले. ती पाठ मला बघवेना. एका सुट्टीच्या दिवशी स्वतःच म्हणाले, "आज बसून बघतो जरा." आणि बूट घालायला आत गेले.

तेवढ्यात मी काय केलं, तर केबलचं टोक लिव्हरमधून काढलं, खाली दडवलं आणि लिव्हरच्या बुडाशी असते ती रबरी टोपी वर ओढली. आता तो लिव्हर नुसत्या बोल्टवर होता. तान्ह्या बाळानेही दाबला असता. एकदा, फक्त एकदा त्यांना वाटू दे, जमलं म्हणून. चालू करायची वेळ आली तर पेट्रोल नाही म्हणेन. एवढंच डोक्यात होतं.

हे बसले. मी त्यांची बोटं एकेक करून लिव्हरवर ठेवली. त्यांनी दाबला. लिव्हर मुठीपर्यंत गेला.

आणि तिथेच राहिला.

लिव्हर परत येतो तो केबलच्या ताणामुळे. एवढी वर्षं या कामात काढून मी तेच विसरले होते. नुसत्या आवाजावरून कुठली क्लच प्लेट झिजलीय ते सांगणारा माणूस, आणि त्याला फसवायला मी निघाले होते! यांनी लिव्हरकडे पाहिलं. मग बोटांच्या पाठीने तो हळूच पुढे ढकलला आणि पुन्हा दाबला. पुन्हा ढकलला. पुन्हा दाबला. मला वाटलं ओरडतील, निदान एक शिवी तरी देतील. ती मी आनंदाने घेतली असती.

"हलका झालाय," हे म्हणाले. "छान बसवलायस."

थोड्या वेळाने त्यांनी माझ्या खांद्याचा आधार मागितला, उतरले आणि गाडीशीच उभे राहिले.

"केबल तेवढी जोडून घे," ते म्हणाले. "गाडी घेणारा कुणी बघायला आला तर बिचारा पडायचा."

घेणारा. हा शब्द या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. मी वाकून केबल हातात घेतली, पण डोळ्यांतल्या पाण्यापुढे खाच दिसेना. दोनदा टोक निसटलं. तेव्हा यांनीच उजव्या हाताने माझा हात धरला आणि बरोबर खाचेपाशी नेला.