यशोधराची हातभर लांब ट्राम

मुलांनो, डोळे मिटा आणि बघा: नगरच्या जुन्या बाजारातून ट्राम चालली आहे! खरी कुठली, पुठ्ठ्याच्या बाजारातून. सावेडीतल्या एका शाळेच्या प्रदर्शनात, १९९४ साली. रूळ आधीच्या वर्गाने ठोकलेले होते. त्यांना हात लावायचा नाही, असा वर्गशिक्षिका दमयंतीबाईंचा हुकूम होता. पाचवीतल्या यशोधराला त्यावर धावणारी नवी ट्राम आणायची होती.

तिचे पप्पा भीमराज नागापूरच्या कारखान्यात फिटर. त्यांच्या मदतीने तिने हातभर लांब, पत्र्याची ट्राम केली. दोन्ही टोकांना चार-चार चाकं. घरी सरळ रुळावर ती झोकात धावली.

शाळेत मात्र पहिल्याच वळणावर ताठ ट्रामचं पोट रुळाबाहेर आलं, त्याने पुठ्ठ्याच्या भाजीवालीला उडवलं आणि हलवायाचं दुकान पाडलं.

"पप्पा, पाहुणे आत्ता येतील!" यशोधरा रडवेली झाली.

"माझं माप चुकत न्हाई. शहरच वाकडं हाय. दुकानं मागं सरकवू."

"म्हणजे खऱ्या हलवायाला सांगणार, काका, कढईसकट मागे व्हा?" यशोधराने विचारलं.

बाई हसल्या. "शहर जुनं आहे, भीमराजभाऊ. वाकायचं ते ट्रामने."

पण पत्रा वाकणार कसा? यशोधराने पप्पांच्या पिशवीतून पत्र्याची कात्री काढली.

"अगं, कालच रंग दिलाय!" पप्पा ओरडले.

तिने ट्राम मधोमध कापली, दोन्ही तुकडे सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने जोडून वरून तार आवळली, आणि भाजीवालीला उभं करून ट्राम वळणावर सोडली. ट्राम मधोमध वाकली आणि भाजीवालीला धक्काही न लावता वळून गेली.