रंग न लावलेली काच

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक. प्रयोगशाळेच्या टोकाच्या खोलीत, काळ्या पडद्याआड माझं आयुष्य गेलं. भिंगं घासून मला घडवलं तेव्हाच माझा स्वभाव ठरला: समोर असेल ते दाखवायचं, पदरचं काही घालायचं नाही. सुरुवातीला माझा थाट होता. पाहुणे आले की मोठे सर आधी मलाच दाखवत. पुढे नवं यंत्र आलं आणि माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी येऊन बसली.

इथे संशोधन करणारी ताई मात्र माझ्याकडे येत राहिली. तिच्या बाबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. हृदयाचा तेवढा स्नायू मेला तो मेलाच. तिथे नुसता व्रण उरला, आणि जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. ताई उंदरांच्या अशाच जखमी हृदयात मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून नवा स्नायू घडू शकेल अशा पेशी, सोडून बघत होती. या पेशींच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात. त्या खुणांना चिकटणारा रंग लावला की माझ्या प्रकाशात पेशी हिरव्या चमकतात.

एकदा व्रणाच्या कडेला हिरवंच हिरवं दिसलं. नवा स्नायू उगवतोय असं वाटून ताईला रडू फुटलं. मोठे सर म्हणाले, "आता माणसांवर करून बघायला हरकत नाही." बाबांनी फोनवर सांगितलं, "पहिलं नाव माझं घाल."

या आनंदात त्याच हृदयाचा काप ठेवलेली एक काच बघायचीच राहिली होती. पडताळणीसाठी तिच्यावर मुद्दाम रंग लावलेला नसतो. दुसऱ्या दिवशी ताईने ती माझ्याखाली सरकवली. तीही तशीच हिरवी चमकली. म्हणजे तो जखमी स्नायूच आपला आपण चमकत होता.

"यंत्र म्हातारं झालंय. नव्यावर बघ," सर म्हणाले. ते मला फार लागलं. ताईने नव्यावरही पाहिलं आणि तिथेही तेच दिसलं. सरांनी माणसांवरच्या प्रयोगाचा बेत थांबवला.

बाबा स्वतः बघायला आले. स्टुलावर बसून दम खाल्ला, मग माझ्या भिंगाला डोळा लावला.

"हे हिरवं म्हणजे माझं औषध ना गं?"

"नाही बाबा. मी चुकले. ते नुसतंच चमकतंय."

ते बराच वेळ बघत राहिले. "मला टोचण्याआधी कळलं, बरं झालं," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पण आशा लागली होती, पोरी."



मित्रांनो, ताई अजून शोधते आहे. माझी धूळ पुसा, नाहीतर राहू द्या. पण छातीतला तो स्नायू धड आहे तोवर जपा. मेलेला पुन्हा उगवताना दिसला असता, तर त्या दिवशी बाबांना मी तो दाखवला नसता का?